एकच प्रोग्रॅम, तीन पॅकेजं

तुमच्या घरातल्या जुन्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीत, की एकच प्रोग्रॅम डेब, स्नॅप, फ्लॅटपॅक अशा वेगवेगळ्या पॅकेजांत मिळतो. मग घ्यायचं कोणतं? डेब आकाराने लहान, कारण लागणाऱ्या लायब्रऱ्या ते सिस्टिमकडूनच घेतं. कमी जागेच्या मशीनला तेच मानवतं. फ्लॅटपॅक स्वतःची शिदोरी घेऊन येतं; पहिलं डाउनलोड कित्येकदा शेकडो एमबीचं, पण आवृत्ती ताजी. स्नॅपचं म्हणाल, तर उबुंटू २०२२च्या एप्रिलपासून फायरफॉक्स फक्त स्नॅपमध्येच देतं, उलट मिंटने २०२०पासूनच स्नॅप बंद ठेवलंय. माझं मत विचाराल, तर लिबरऑफिससारखे रोजचे प्रोग्रॅम डेबमधूनच घ्या. नवीच आवृत्ती हवी असेल तेव्हा फ्लॅटपॅक. मात्र फ्लॅटपॅक जिथून मिळतात त्या फ्लॅटहबवर ‘व्हेरिफाइड’ची खूण जरूर बघा.