चारोळीचे फळ



चारोळीवाचून आपले श्रीखंड सजत नाही; पण चारोळीचे फळ आपल्यापैकी कितीजणांनी चाखले असेल? आम्ही स्वतः पन्नाशी उलटेपर्यंत ते चाखले नव्हते.

गरियाबंद-धमतरीकडील जंगलांतून वैशाखात ही जांभळट-काळी, इवलीशी फळे इकडे येतात. छत्तीसगढी माणूस त्यांना 'चार' म्हणतो. वर आंबटगोड गराचा पातळ थर, आत कठीण आठळी, आणि ती फोडली की आपली चारोळी! व्यापार सारा बियांचा. त्या काढताना गर बहुधा धुऊनच जातो.

अभनपुरातील आमच्या एका स्नेह्यांच्या पत्नीने तो गर वाया जाऊ न देता गुळाच्या पाण्यात कुस्करून सरबतासाठी बाटलीत भरून ठेवला. तीन दिवसांनी आम्हा पाहुण्यांसमोर बूच काढताच ते छताला लागले आणि पेल्यांत फेस उसळला. आम्ही घोट घेतला. आधी आंबटपणा, मग किंचित तुरट गोडी, आणि जिभेवर बुडबुड्यांची चुणचुण. फारच आवडले!

तेवढ्यात मंडळींतील एका वयोवृद्ध मावशींनी, पेला ओठांशी नेत विचारले, "यात मादक तर काही नाही ना?"

"छे, सरबतच आहे!" असे आम्ही बोलून गेलो, पण मन खाऊ लागले. फळांच्या सालीवरील यीस्ट साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. बंद बाटलीत तो वायू द्रवात कोंडून राहतो. शँपेनचा फेस याच न्यायाने येतो आणि काचेची बाटली फुटतेही याच न्यायाने. म्हणजे थोडे का होईना, मद्य त्यात होतेच. मावशींचे व्रत आम्हांस ठाऊक होते. आम्ही उठून त्यांना खरे ते सांगितले.

मावशींनी न पिताच पेला खाली ठेवला. "सांगितलंत हे बरं केलंत," त्या म्हणाल्या, "मला आपली नुसती फळंच द्या." फळ तोंडात टाकून त्यांनी आठळी तळहातावर घेतली आणि नवलाने म्हणाल्या, "म्हणजे आयुष्यभर बीच खाल्ली की हो आपण!"

त्यांचे ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. बस्तरच्या बाजारांत एके काळी मिठाच्या मोबदल्यात चारोळी घेतली जाई. २०१३-१४ पासून वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत चारोळीचा समावेश आहे. परंतु ती वेचणाऱ्या हातांची आठवण आपल्या पंगतीत कोण काढतो? या भूमीत आपल्या मंडळाने पन्नास वर्षे सण साजरे केले. तिचे बी आपण मखरात मिरविले. फळाची ओळख मात्र राहूनच गेली.

यंदाच्या वैशाखात मंडळात ताजी 'चार' आणावी आणि ती वेचणाऱ्यांना सन्मानाने पंगतीस बोलवावे, एवढीच आमची विनंती. बाटलीचा मोह मात्र कोणी धरू नये!