सात महिन्यांची बाकी

यंत्राचा कामगारावर होणारा परिणाम यंत्राच्या जाहिरातीत सांगितलेला नसतो, आणि तो सांगण्याचे काम ज्या वृत्तपत्राकडे असते तेच त्या जाहिरातीवर पोसले जात असेल तर तो बहुधा कोठेच सांगितला जात नाही. मराठी वृत्तपत्रांच्या जवळपास दोनशे वर्षांच्या वाटचालीतून निघणारे हे निरीक्षण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात अधिकच लागू पडते, आणि आजच्या दीक्षान्त भाषणाचा विषयही तोच आहे. वाईच्या कृष्णाकाठी पदवी घेणाऱ्या स्नातकांचे अभिनंदन प्राचार्यांनी, अध्यक्षांनी आणि पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्या प्राध्यापकांनी आधीच केले असल्यामुळे प्रस्तुत वक्त्याने त्यात एका वाक्याची भर घालणे पुरेसे ठरावे. ओळख करून देताना वक्त्याचा उल्लेख 'ज्येष्ठ पत्रकार' असा झाला. वस्तुतः या व्यवसायात त्याचा शिरकाव झाला तो मुद्रितशोधक म्हणून, म्हणजे छपाईपूर्वीच्या कच्च्या प्रतीवरील चुका खुणा करून दाखवणारा पगारी नोकर म्हणून, आणि पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ त्या नोकरीत असल्याने ही दुरुस्ती आवश्यक आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव आज ज्या प्रणालींना दिले जाते त्या माणसांनी लिहिलेल्या, काढलेल्या आणि उच्चारलेल्या गोष्टींच्या प्रचंड साठ्यातील आकृतिबंध ओळखतात आणि त्यांच्या आधारे पुढचा शब्द, पुढचे चित्र किंवा पुढचा निर्णय सुचवतात. अशा प्रणालींमुळे कोणाचे काम जाईल याची चर्चा पुष्कळ होते. त्या मानाने काम शिल्लक राहिलेल्या माणसाकडे लक्ष कमी जाते: घरपोच जेवण पोचवणाऱ्या तरुणाची फेरी, वेळ आणि मोबदला ॲपमधला अल्गोरिदम, म्हणजे निर्णयाच्या पायऱ्या बांधून दिलेली रीत, ठरवत असतो, आणि एके दिवशी त्याचे खाते बंद झाले तर दाद मागायला समोर माणूस नसतो. यंत्राला शिकवणाऱ्यांची चर्चा तर जवळजवळ होतच नाही. हजारो चित्रांवर 'ही मोटार, हा माणूस' अशा चिठ्ठ्या लावणे, हिंसक मजकूर वाचून 'हा घातक' अशी नोंद करणे, या कामाला डेटा लेबलिंग म्हणतात. यंत्र शहाणे दिसते त्यामागे हे श्रम असतात. 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये केनियातील अशा कामगारांची हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा चॅटजीपीटीसाठी अत्यंत किळसवाणा मजकूर वाचणाऱ्यांच्या हाती तासाला दोन डॉलरहूनही कमी पडत होते हे जगाला कळले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात ते आले नव्हते. एका वार्ताहराने ते शोधून काढले.

अनाम हातांचे हे प्रकरण वाईला तरी परके वाटू नये. येथेच तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला, त्यावर प्रमुख संपादक म्हणून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे नाव होते, आणि त्या नावामागे नोंदी तपासणारे, छपाईचे खिळे जुळवणारे, मुद्रिते शोधणारे किती तरी लोक होते. मात्र ते हात एकाच गावात होते, दुपारच्या चहाला भेटत होते आणि पगारवाढीसाठी एकत्र कुरकुर करू शकत होते. लेबलिंग करणाऱ्याला आपण नेमके कोणासाठी काम करतो हेही अनेकदा ठाऊक नसते, आणि कुरकुर एकट्याची असली की तिची बातमी होत नाही.

कामगाराची बातमी वर्गणीवर चालवून दाखवण्याचा मराठीतील पहिला मोठा प्रयत्न 'दीनबंधू'चा होय. कृष्णराव भालेकरांनी हे सत्यशोधक पत्र १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात काढले, पैशाअभावी ते टिकेना, आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेऊन पुन्हा उभे केले. लोखंडे स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेले होते, त्यामुळे सकाळच्या भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंतचा दिवस त्यांना ऐकून ठाऊक नव्हता, पाहून ठाऊक होता. १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे गेले. त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई अशा साध्या मागण्या होत्या. साप्ताहिक सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. आज रविवारी उशिरापर्यंत झोपणाऱ्या स्नातकांनी या तारखेची आठवण ठेवावी असा आग्रह नाही, पण ही सुटी कोणा गिरणीमालकाला स्वप्नात सुचलेली नव्हती.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिव्याने डोळ्यांना सोय झाली, धूर गेला, कापडातील दोष दिसू लागले, आणि सूर्य मावळला की संपणारा कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. दिव्याची स्तुती करणारा लेख आणि दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे तास मोजणारा लेख हे दोन वेगळे लेख आहेत. पहिला नेहमी कोणी तरी लिहितोच, दुसरा लिहायला कोणाला तरी मुद्दाम पोसावे लागते.

पूर्वीच्या पत्रकारांना सरकारचे भय होते, हे खरे. इस्लामपूरच्या 'प्रतोदा'वर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला होऊन सातारच्या सत्र न्यायालयाने जबर शिक्षा दिली, ती उच्च न्यायालयात पुष्कळ कमी झाली. वाईच्या 'मोदवृत्ता'वरही त्याच काळात खटला झाला. इतक्या लहान गावांतील पत्रांची सरकारला धास्ती वाटावी, यात त्या गावांचा गौरव आहे. जाहिरातदाराचे भय निराळ्या जातीचे असते, कारण त्यात खटला होत नाही, निकालपत्र नसते आणि म्हणून इतिहासात नोंदही राहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि काही महिन्यांत वाई, जावळी, पाटण, शिराळा या तालुक्यांत एसटीतून ट्रंका आणि वळकट्या उतरू लागल्या. प्रस्तुत वक्ता त्या वेळी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होता. जावळीतील एका गावी परतलेल्या सतरा कामगारांची हकिकत त्याने पाठवली, त्यात एकाने मुंबईची खोली राखण्यासाठी गावाकडील म्हैस विकली आणि पुढे खोलीही गेली, असा तपशील होता. अंक हाती आला तेव्हा चाळीस ओळींच्या चार ओळी झालेल्या होत्या, म्हैस नव्हती, आणि उरलेल्या जागेत एका कापडदुकानाची दिवाळीची जाहिरात होती. उपसंपादकाने फोनवर दिलेले स्पष्टीकरण एवढेच होते की सणाच्या दिवसांत वाचकाला रडवू नये. वक्त्याची ही तक्रार चाळीस वर्षे जुनी आहे आणि ती येथे मांडण्याचे प्रयोजन फारसे नाही. तरी ती मांडल्यावाचून राहवले नाही.

आता त्या चार ओळींच्या शेजारी आजची एक बातमी ठेवावी. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोक कमी करण्याचे जाहीर केले. पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुलांची घरे सातारा-सांगलीतही पुष्कळ आहेत, त्यामुळे ही बातमी येथे पोचली ती आधी फोनवरून. कंपनीचे म्हणणे असे की कारण कौशल्यांचा मेळ न बसणे हे होते, कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. अनेक कर्मचाऱ्यांना ते पटले नाही. यातील खरे काय हे व्यासपीठावरून सांगता येणार नाही, कारण ते सांगण्यासाठी कोणाला तरी वर्षभर प्रकल्पांच्या नोंदी पाहाव्या लागतील, राजीनामा दिलेल्यांना आणि द्यायला लावलेल्यांना वेगळे करावे लागेल, कोणते काम यंत्राकडे गेले आणि कोणते केवळ दुसऱ्या देशात गेले हे तपासावे लागेल. अशा वर्षभराचा पगार कोण देणार, हा प्रश्न त्या तपासाइतकाच महत्त्वाचा आहे. यंत्राने सगळ्यांच्या नोकऱ्या खाल्ल्या अशी आरोळी आणि काहीच झाले नाही अशी ग्वाही, ही दोन्ही फुकट मिळतात.

या प्रश्नाची उत्तरे शोधली जात आहेत. अमेरिकेतील पुलित्झर सेंटरने २०२२ पासून अशा प्रणालींचा तपास करणाऱ्या पत्रकारांना पाठ्यवृत्त्या देण्यास सुरुवात केली; त्याच साहाय्यातून तेलंगणातील शिधापत्रिकांची शोधकथा 'अल जझीरा'ने जानेवारी २०२४ मध्ये दिली, ज्यात एका रिक्षाचालकाला सरकारी प्रणालीने मोटारीचा मालक ठरवल्यामुळे त्याच्या कुटुंबाचे धान्य बंद झाले होते. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये उभा केलेला 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह देणग्या आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर चालतो आणि मराठीतही वाचता येतो. बंगळुरूला २०१५ मध्ये स्वतंत्र माध्यमांना निधी देणारे एक प्रतिष्ठान स्थापन झाले; सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्या कार्यालयात आयकर खात्याची पाहणी झाली. त्याच्या देणगीदारांत माहिती तंत्रज्ञान उद्योगात संपत्ती मिळवलेले लोक आहेत. हा दोष म्हणता येणार नाही, परंतु त्याच उद्योगातील कामगारकपातीचा तपास करताना मदत घेणाऱ्याचा हात किंचित अडखळला तर ते मानवी स्वभावाला धरूनच होईल.

सरकारने उद्योगावर अधिभार लावून तो निधी पत्रकारांना द्यावा, असेही सुचवले जाते, आणि सातारा जिल्ह्यात या सूचनेला एक ओळखीचा आधार सापडतो. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यानुसार हमालीच्या मजुरीवर मालकाने लेव्ही, म्हणजे ठराविक टक्के जादा रक्कम, मंडळाकडे भरायची आणि तीतून कामगाराला रजा, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना मिळायचा. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात याच कल्पनेची सावली दिसते. कामगाराच्या हक्कासाठी लेव्ही योग्यच आहे. बातमीसाठी ती योग्य नाही, कारण मजुरीचे पैसे मोजून देता येतात, बातमीचे पैसे सरकारी हातातून आले की सोबत एक दोरी येते. सरकारी जाहिरातींच्या यादीतून नाव वगळले गेले म्हणून रातोरात मवाळ झालेली जिल्हा पत्रे वक्त्याने पाहिली आहेत, आणि त्यांतील एकात तो स्वतः नोकरीला होता.

राहता राहिली वर्गणी. जुन्या मराठी नियतकालिकांची वर्गणी मनीऑर्डरने येई, आणि न आल्यास व्ही. पी. पाठवली जाई, म्हणजे अंकाचे पुडके टपाल खात्यामार्फत जाई आणि पोस्टमनला पैसे देऊन वर्गणीदाराने ते सोडवून घ्यायचे असे. न सोडवलेले पुडके 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येई आणि जाण्याचा टपालखर्च संपादकाच्या अंगावर पडे. वक्ता पुढे ज्या लहान साप्ताहिकात संपादक झाला तेथे परत आलेल्या व्ही. पीं.ची एक फळीच होती. हळदीच्या अडतीवरील हमालांच्या तोलाईविषयी लेख छापला त्या महिन्यात फळी भरून गेली, कारण वर्गणीदारांत अडत्ये बरेच होते. नकार देणारे लोक वाईट नव्हते. त्यांची समजूत अशी होती की पैसे आपण दिले, तेव्हा अंक आपल्या मनासारखा असावा. वक्त्याच्या सर्व व्यावसायिक आयुष्याचे सार म्हणून काही हट्ट धरायचा असेल तर तो एवढाच आहे की पदवीधराने पहिल्या पगारापासून एखाद्या स्वतंत्र वार्तापत्राची वर्गणी भरावी, आणि त्यातली बातमी जेव्हा त्याच्या कंपनीला, त्याच्या धंद्याला, त्याच्या पक्षाला किंवा खुद्द त्याला बोचेल, नेमकी तेव्हा ती बंद करू नये. समोर बसलेल्यांपैकी काहीजण उद्या त्या प्रणाली तयार करतील, काहीजण त्यांच्या देखरेखीखाली काम करतील. पहिल्यांनी दुसऱ्यांविषयीच्या बातमीचे पैसे देणे ही मागणी विचित्र वाटेल, पण दुसऱ्यांकडे पैसे थोडे असतात हे लोखंड्यांच्या काळापासून ठाऊक आहे.

या संदर्भात एका जुळाऱ्याचा उल्लेख करणे भाग आहे. जुळारी म्हणजे शिशाचे सुटे खिळे एकेक उचलून शब्द जुळवणारा कारागीर. डाव्या हातात धातूची पट्टी, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी शिशाने काळवंडलेली, नजर हस्तलिखितावर आणि बोटे न पाहता वेलांटीच्या खणात. हा गृहस्थ वक्त्याच्या मुद्रितांतील चुका वक्त्याच्या आधी पकडत असे आणि तरी खूण करण्याचा मान मुद्रितशोधकालाच देत असे. संगणकावरची अक्षरजुळणी आली, एका उन्हाळ्यात खिळे वजनावर भंगारात गेले, आणि तो हळदीच्या एका वखारीत वजनांच्या नोंदी लिहू लागला. त्या वर्षी वक्त्याच्या साप्ताहिकाने नव्या तंत्राच्या स्वागताचा चार पानी विशेषांक काढला, संगणकविक्रेत्यांच्या जाहिराती घेतल्या, आणि गावातील जुळाऱ्यांचे काय झाले यावर एक ओळही छापली नाही. येथे कोणी उपसंपादक नव्हता, जागा कापणारा हात वक्त्याचाच होता. जुळाऱ्याने त्याविषयी कधी काही म्हटले नाही. तो दर वर्षी चैत्रात कार्यालयाची पायरी चढून वर्गणी रोख भरी, पावती घडी करून खिशात ठेवी आणि अंकातील शुद्धलेखनाच्या चुका सांगून जाई. साप्ताहिक बंद पडले तेव्हा त्याने पूर्ण वर्षाचे पैसे भरलेले होते. हिशेबाच्या वहीत त्याच्या नावापुढे सात महिन्यांची बाकी आहे, आणि ती साप्ताहिकाकडून येणे आहे.