नभोवाणी केंद्राची दप्तरव्यवस्था
(भाषणाचा मजकूर)

कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या काठी वसलेल्या बारामती-इंदापूरच्या मुलखात नभोवाणी ही आता केवळ मुंबई-पुण्याहून येणारी गोष्ट राहिलेली नाही. केंद्र सरकारने २००६ साली सामुदायिक नभोवाणीचे धोरण विस्तारून स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही आपली केंद्रे चालविण्याची मुभा दिली. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ अशा दोन वाहिन्या उभ्या राहिल्या.

अशा केंद्रांचे काम संगणकावर चालते. जात्यावरच्या ओव्या, डाळिंबावरील तेल्या रोगाविषयीचा सल्ला, वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत, सारे हार्ड डिस्कवर साठते. ओवी म्हणणारी आजी पुन्हा भेटेलच असे नसते. म्हणून हे मुद्रण जपणे अगत्याचे. प्रसारित कार्यक्रम तीन महिने सांभाळण्याचे बंधन मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. त्यामुळे ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत पुष्कळ ठिकाणी ठेवलेली असते. तरीही डिस्क निकामी झाली की केंद्र दिवसचे दिवस मुके राहू शकते. हे कसे घडते?

ध्वनिमुद्रण एका कप्प्यात असते. ते किती वाजता लावायचे, कोठून सुरू करायचे, आधी कोणती धून वाजवायची, आवाजाची पातळी किती, ध्वनी कोणत्या साऊंड कार्डातून बाहेर पाठवायचा, याची नोंद प्रसारणाची आज्ञावली निराळ्याच कप्प्यात ठेवते. विंडोज प्रणालीत तो बहुधा वापरणाऱ्याच्या फोल्डरात ‘ॲपडेटा’ या नावाने दडलेला असतो आणि सहजी दिसतही नाही. प्रत घेणाऱ्याचे लक्ष गाण्यांकडे असते, दप्तराकडे नसते. मग हजारो ध्वनिमुद्रणे हाती राहतात आणि त्यांचा क्रम मात्र हरवतो.

‘ऑडॅसिटी’ या संपादनाच्या आज्ञावलीचे उदाहरण बोलके आहे. २०२१ साली तिची तिसरी आवृत्ती येईपर्यंत प्रत्येक कामाची एक लहानशी फाइल आणि तिच्याशेजारी खऱ्या ध्वनीचे फोल्डर असे दोन भाग असत. लहान फाइल तेवढी उचलून नेणाऱ्याच्या हाती आवाजाविना रिकामे काम येई. नव्या आवृत्तीत दोन्ही एकत्र आले; जुनी कामे मात्र अजून जुन्याच रूपात पडून असतात.

प्रत घेतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. आज्ञावली चालू असताना तिच्या नोंदींची फाइल उचलल्यास ती अर्धवट लिहिलेली निघू शकते. आज्ञावलीत निर्यातीची सोय असेल तर तीच वापरावी, नसेल तर आज्ञावली बंद करून प्रत घ्यावी. एक प्रत त्याच खोलीत ठेवून भागत नाही. वीज कोसळली किंवा चोरी झाली तर दोन्ही एकदमच जातात. दुसरी प्रत भिगवण किंवा इंदापुरास राहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याच्या घरी असणे बरे. मोरोपंतांचे बारामतीत १७९४ साली निधन झाले, तेव्हा मराठी मुद्रण रुळले नव्हते. त्यांचे काव्य पुढे आले ते हस्तलिखितांच्या नकलांतून, एका घरच्या पोथीवर विसंबून नव्हे.

पुनःस्थापनेत एक बारीक अडचण नेमकी घात करते. वेळापत्रकात प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासह नोंदलेला असू शकतो. जुने भांडार ‘डी’वर असेल आणि नवी डिस्क ‘ई’ म्हणून जोडली गेली, तर सर्व फाइली जागेवर असूनही आज्ञावलीस एकही सापडत नाही. नव्या ड्राइव्हला जुनेच अक्षर दिल्यास काम मार्गी लागते. तसेच आज्ञावलीची तीच आवृत्ती आधी बसवावी. नव्या आवृत्तीस जुन्या नोंदी वाचता येतीलच असे नाही.

ही सारी माहिती, म्हणजे आवृत्ती, परवान्याची किल्ली, ड्राइव्हची अक्षरे, साऊंड कार्डाची जोडणी, एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. संगणकातच ठेवली तर ती संगणकाबरोबरच जाईल. वर्षातून एकदा, प्रसारण नसलेल्या वेळी, एखाद्या जुन्या संगणकावर हा कागद आणि बाहेरची प्रत एवढ्यावरच संपूर्ण वेळापत्रक उभे करून पाहावे, आणि ते काम कागद लिहिणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्या कोणी करावे.