वाटेवरची वीज

दूरच्या प्रवासास निघालेला मनुष्य पूर्वीं आपली वाट कोसांनीं मोजीत नसे, मुक्कामांनीं मोजीत असे. पाणी कोठें मिळेल, बैलांस चारा कोठें मिळेल, रात्र कोठें काढतां येईल, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या वाटेवर सांपडत, ती वाट जवळची. ज्या वाटेवर तीं सांपडत नसत, ती अंतरानें थोडी असली तरी लांबची. अहिल्याबाई होळकरांनीं तीर्थांच्या ठिकाणीं विहिरी, घाट व धर्मशाळा बांधविल्या, त्या योगें अंतर एका कोसानेंहि कमी झालें नाहीं. पण यात्रा मात्र जवळ आली.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीनें हा मुक्कामाचा विचार जवळजवळ विसरावयास लावला होता. पंपावर पांच मिनिटें थांबलें कीं पुढील चारपांचशें किलोमीटरांची बेगमी होते. विजेच्या मोटारीनें तोच जुना विचार पुन्हां आणून उभा केला आहे. हिच्या पोटांत तेलाच्या टांकीऐवजीं बॅटरी असते, आणि बॅटरी भरावयाची म्हणजे वेळ द्यावा लागतो. घरच्या साध्या जोडणीवर लहान मोटारीलाहि सातआठ तास लागतात. जलद चार्जिंगच्या केंद्रावर तेंच काम अर्ध्यापाऊण तासांत होतें. मात्र असें केंद्र म्हणजे केवळ भिंतीवरचें बटण नव्हे. पन्नास किलोवॉटचें एक यंत्र चालूं असतांना जेवढी वीज ओढतें, तेवढींत पंधरावीस घरांचा एकाच वेळचा भार सहज भागेल. त्यासाठीं जाड तारा, बहुधा वेगळें रोहित्र आणि वीजकंपनीची परवानगी हीं सर्व लागतात. म्हणून ‘रस्त्यावर चार खांब उभे केले म्हणजे झालें’ ही समजूत खरी नव्हे.

ही समजूत एका देशानें पुरेपूर कसास लावून पाहिली, आणि त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. हा देश म्हणजे बाल्टिक समुद्राच्या कांठचा एस्टोनिया. लोकसंख्या अवघी तेरा लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडील एकाद्या लहान जिल्ह्याएवढी. १९९१ सालीं सोव्हिएट संघापासून तो पुन्हां स्वतंत्र झाला. सोव्हिएट अमदानींतील जुने कारखाने त्यानंतर एकामागून एक बंद पडले अथवा आक्रसले, आणि त्यांच्या धुरांड्यांतून निघणारा धूरहि ओसरला. या ओसरलेल्या धुराचे पुढें पैसे झाले, ही गोष्ट प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटेल. परंतु १९९७ च्या क्योटो कराराप्रमाणें प्रत्येक औद्योगिक देशास किती कर्बवायु सोडण्याची मुभा आहे, याचा हिशेब ठरला होता, आणि तो हिशेब बहुतांशीं १९९० सालच्या मानानें केलेला होता. एस्टोनियाच्या वांट्यास आलेली मुभा त्याच्या गरजेहून कितीतरी अधिक ठरली. जी शिल्लक राहिली ती विकतां येत होती.

२०११ सालीं एस्टोनियाच्या सरकारनें या शिलकेपैकीं एक कोटि टनांची मुभा जपानच्या मित्सुबिशी कॉर्पोरेशनला दिली. मोबदल्यांत तीन गोष्टी ठरल्या. सरकारास ५०७ विजेच्या मोटारी मिळावयाच्या. विजेची मोटार घेणाऱ्या नागरिकांस साह्य द्यावयाचें. आणि सर्व देशभर जलद चार्जिंगचें जाळें उभारावयाचें. धुराची विक्री करून धुराविना चालणाऱ्या मोटारी घेण्याचा हा व्यवहार कागदावर तरी फार नीटस होता.

जाळ्याचें काम झपाट्यानें झालें. २० फेब्रुवारी २०१३ रोजीं १६५ केंद्रांचें हें जाळें रीतसर खुलें करण्यांत आलें. संबंध देशभर पसरलेलें जलद चार्जिंगचें असें जाळें जगांत त्यापूर्वीं कोठेंहि नव्हतें. त्याची आंखणी साधी व शहाणपणाची होती. पांच हजारांहून अधिक वस्तीच्या प्रत्येक गांवीं केंद्र असावें, आणि मोठ्या रस्त्यांवर दोन केंद्रांमधील अंतर साठ किलोमीटरांहून अधिक नसावें. यंत्रें ए.बी.बी. या कंपनीचीं होतीं. राजधानी टॅलिन येथून विद्यापीठाचें शहर टार्टू येथें जाणारास सुमारें एकशेंपंचाऐशीं किलोमीटरांच्या वाटेंत अडकून पडण्याची भीति राहिली नाहीं. समुद्रांतील मोठ्या बेटांवरहि केंद्रें होतीं. आणखी एक गोष्ट आज दहाबारा वर्षांनंतरहि अनेक मोठ्या देशांस साधलेली नाहीं, ती या लहानग्या देशानें आरंभींच साधली होती : साऱ्या देशांतील केंद्रांना पैसे देण्याची रीत एकच होती.

५०७ मोटारी मंत्र्यांच्या दिमतीस न देतां गांवोगांवच्या समाजसेवकांच्या हातीं देण्यांत आल्या, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. वृद्धांच्या, अपंगांच्या घरीं जाऊन त्यांची विचारपूस करणें, औषधपाणी पोहोंचविणें हें या सेवकांचें काम. मोटार लहान, आय-मिव्ह नांवाची; बॅटरी सोळा युनिटांची; आणि एका भरणींत दीडशें किलोमीटर चालेल असा कंपनीचा दाखला. दाखला खोटा नव्हता. पण तो एस्टोनियाच्या हिंवाळ्यांत घेतलेला नव्हता. तेथें पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतो. थंडींत बॅटरी स्वतःच आंखडते, आणि तींतच माणसाला ऊब देणारें यंत्र त्याच बॅटरीवर जगतें. पेट्रोलच्या मोटारींत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. येथें प्रत्येक उबेचें मोल अंतरानें चुकवावें लागतें. दीडशेंचा दाखला कडाक्याच्या दिवशीं निम्म्यावर येणें नवल नव्हतें. दूरच्या वाडीवर एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे जावयाचें तर ऊब ठेवावी कीं परतीची वाट ठेवावी, असा पेंच अशा मोटारींत बसणारापुढें पडतो. साठ किलोमीटरांवर केंद्र ठेवण्याचा नियम वरून उदार दिसला, तरी हिंवाळ्यांत तो जेमतेम पुरणारा होता.

आतां नागरिकांच्या मोटारींकडे वळावें. मोटारीच्या किंमतीच्या निम्मेपर्यंत, पण अठरा हजार युरोंच्या आंत, सरकार साह्य देत होतें. साह्य उदार होतें खरें. पण त्याचा निधि गांठोड्यांतील होता, विहिरींतील नव्हता. २०१४ सालीं तो संपला, आणि त्याबरोबर नव्या विजेच्या मोटारींची खरेदीहि रोडावली. सारा देश धुंडाळला तरी अशा मोटारी हजारबाराशेंच्या घरांतच राहिल्या. म्हणजे सुमारें सात मोटारींस एक जलद केंद्र! जगांतील कोणत्याहि देशास हेवा वाटावा असें हें प्रमाण. पण केंद्राच्या जमाखर्चाच्या दृष्टीनें तें दारिद्र्याचें लक्षण होय. केंद्रावर कोणी येवो न येवो, वीजकंपनीचा स्थिर आकार चुकत नाहीं, यंत्राची देखभाल चुकत नाहीं, आणि बर्फापावसांत उभे राहिलेल्या यंत्राचें वयहि थांबत नाहीं.

त्यांत जोडाचा घोटाळा झाला. या केंद्रांचा जलद जोड ‘चाडेमो’ या जपानी पद्धतीचा होता, आणि त्या वेळीं बाजारांत असलेल्या मोटारींकडे पाहतां ती निवड चुकीची म्हणतां येणार नाहीं. परंतु युरोपांतील मोटारींचे कारखानदार दुसऱ्या, ‘कॉम्बो’ नांवाच्या जोडाकडे वळले, आणि २०१४ सालीं युरोपीय संघानेंहि आपल्या निर्देशांत तोच जोड नव्या जलद केंद्रांवर असलाच पाहिजे असें ठरविलें. उंबरठ्यावर आलेल्या पाहुण्यानें तांब्या पुढें करावा आणि घरच्या रांजणाला तोटीच वेगळी असावी, तशी स्थिति झाली. पुढें दशक उलटण्यापूर्वींच किंवा त्या सुमारास हें जाळें सरकारच्या हातून एस्ती एनर्गिया या वीजकंपनीकडे गेलें, आणि तिनें जुनीं यंत्रें बदलून त्या जागीं नवीं बसविण्याचें काम अंगावर घेतलें.

एक विसंगति सांगावयाची राहिली. ज्या काळीं हें जाळें उभें राहिलें, त्या काळीं एस्टोनियाची बहुतांश वीज तेलाचा अंश असलेला एक खडक जाळून तयार होत होती, आणि तो कोळशाहूनहि धुरकट समजला जातो. मोटारीच्या शेपटींतून न निघालेला धूर वीजघराच्या धुरांड्यांतून निघत असेल, तर निसर्गाच्या खात्यांत जमा फार थोडी होते.

याच्या उलट वाट नॉर्वेची. तेथें वीज बहुतेक सर्वच पाण्यावर होते, ही त्या देशाची मूळची पुण्याई. उत्तर समुद्रांतील तेलानें त्याची तिजोरी भरलेली आहे हेंहि खरें, आणि नॉर्वेचें कौतुक करणारे बहुधा ही दुसरी गोष्ट हलक्या आवाजांत सांगतात. पण नॉर्वेनें खांबांपासून आरंभ केला नाहीं. १९९० सालीं त्यानें विजेच्या मोटारींवरील आयातीचा कर तात्पुरता काढला, १९९७ सालीं पथकर माफ केला, २००१ सालीं विक्रीवरील कर सोडला. त्या काळीं अशा मोटारी म्हणजे लहान, कुरूप आणि विनोदाचा विषय अशाच होत्या. तरी सवलती टिकल्या. मोटारी रस्त्यावर दिसूं लागल्यानंतर, २०१५ पासून, एनोव्हा या सरकारी संस्थेनें मुख्य रस्त्यांवर दर पन्नास किलोमीटरांस जलद केंद्रें उभारणाऱ्यांस पैसा दिला, आणि अट अशी घातली कीं प्रत्येक ठिकाणीं चाडेमो व कॉम्बो हे दोन्ही जोड असावे. जेथें रहदारी पुष्कळ झाली तेथें कंपन्या आपल्याच पैशांनीं केंद्रें बांधूं लागल्या. सरकारचा हात मग विरळ वस्तीच्या वाटांसाठींच अधिक लागला.

नॉर्वेंतील मोटारीहि बहुतेक वेळां घरींच भरल्या जातात. रस्त्यावरचें केंद्र हा लांबच्या प्रवासाचा आधार. म्हणूनच अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींत राहणारास आपल्या जागेपाशीं चार्जिंगची सोय मागण्याचा कायदेशीर हक्क तेथें दिला गेला. खांबांच्या गणतींत न दिसणारी ही तरतूद शंभर खांबांच्या तोलाची आहे. २०२४ सालीं नॉर्वेंत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं शेंकडा एकोणनव्वद केवळ विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत रस्त्यावरील विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींच्या पुढें गेली. त्यास चौतीस वर्षें लागलीं.

आपल्या देशानें डिसेंबर २०१८ मध्यें याविषयीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत शहरांत तीन किलोमीटरांच्या चौकोनांत निदान एक आणि महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरांस दोन्ही बाजूंना एक केंद्र असावें असें म्हटलें होतें. चार्जिंगचें केंद्र चालविण्यास वीज विकण्याचा परवाना लागणार नाहीं, हा खुलासा त्याच वर्षीं झाला होता, आणि तो फार उपयोगी ठरला. जोडाचा घोटाळा मात्र आपल्याहि वांट्यास आला. आरंभीं ‘भारत’ या नांवाचे कमी शक्तीचे जोड ठरविले गेले, आणि मोठ्या मोटारी पुढें कॉम्बोकडे वळल्या. एका केंद्रावर चारपांच प्रकारचीं यंत्रें ठेवण्याची सक्ती २०१९ सालीं सैल करावी लागली. शिवाय हिंदुस्थानांत विजेचीं वाहनें म्हणजे मुख्यत्वें दुचाक्या आणि रिक्षा. त्यांच्या चालकास पन्नास किलोवॉटचें यंत्र नको. त्यास घराच्या खालीं, वा रिक्षाथांब्याजवळ, भरवंशाचा एक साधा सॉकेट हवा. चाळींत चौथ्या मजल्यावर राहणारा रिक्षावाला तार कोठून खालीं सोडणार, हा प्रश्न महामार्गावरील झगमगीत केंद्रानें सुटत नाहीं. आणि आपली बहुतांश वीज अद्यापि कोळशावर होते, हें एस्टोनियाच्या खडकाची गोष्ट ऐकतांना विसरतां येणार नाहीं.

ठराविक वाटेनें जाणाऱ्या वाहनांचें काम त्या मानानें सोपें असतें. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्यामध्यें धांवली, आणि विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजीं त्याच मार्गावर सुरू झाली. (त्या नगराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे.) सुटण्याची वेळ ठरलेली, पोहोंचण्याची वेळ ठरलेली, अंतर सुमारें एकशेंवीस किलोमीटर; मग चार्जिंगचें यंत्र कोठें बसवावें याला ज्योतिषी लागत नाहीं. ज्योतिषी लागतो तो खासगी मोटारींसाठीं, कारण त्या कोणत्या दिवशीं कोणत्या वाटेला लागतील हें त्यांच्या मालकासहि आदल्या रात्रीं ठाऊक नसतें. आणि दिवाळीच्या आदल्या दिवशीं त्या सर्व एकाच वाटेला लागतात.

युरोपीय संघानें २०२३ सालीं जो नवा कायदा केला, त्यानें मुख्य महामार्गांवर मोटारींसाठीं दर साठ किलोमीटरांस जलद चार्जिंगची सोय सक्तीची केली. साठ किलोमीटर म्हणजे तेंच अंतर, जें एस्टोनियानें दहा वर्षांपूर्वीं आंखलें होतें. या खेपेस त्याबरोबर केंद्राची एकूण शक्ति किती असावी हेंहि लिहिलें आहे, आणि वाटसरूनें आधीं कोणत्याहि कंपनीचा सभासद न होतां तेथल्या तेथें पैसे देऊन मोटार भरून घेतां यावी, अशीहि अट आहे.