आधीचा आकडा

आमच्या शहादा तालुक्यात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, औषध म्हणतात. ‘आज कपाशीला औषध मारायचंय’, ‘पपईचं औषध संपलं’, असं आपण सहज बोलून जातो. ब्राह्मणपुरीत माझी शेती आहे. कापूस, पपई, थोडा ऊस. फवारणीला मी माणूस लावतो. ‘कामगारांची आरोग्य तपासणी’ या विषयावर बोलाल का, असं आकाशवाणीतून विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. अहो, तो कारखानदारांचा विषय, मी शेतकरी माणूस. मग दोन वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवला आणि होकार कळवला.

त्या भाद्रपदात कपाशीवर कीड फार होती. आमचा नेहमीचा फवारणीवाला सलग आठ दिवस माझ्याच शेतात होता. औषध होतं प्रोफेनोफॉस. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळत होता. मला ते ठाऊक होतं, पण वायसर आणायचा राहून गेला. त्याचा शर्ट पाठीवर ओला व्हायचा आणि अंगावरच वाळायचा. आठव्या दिवशी संध्याकाळी तो बांधावर बसला आणि म्हणाला, “नाना, डोळ्यांपुढे धुकं आलंय.” मळमळ, दरदरून घाम, तोंडाला सारखं पाणी. त्याला गाडीवर घालून शहाद्याला नेलं.

डॉक्टरांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, काम काय करतोस? रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे असं बजावलं, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मात्र मला वाटलं, हे काय विचारत बसलेत, सलाइन लावा ना! डॉक्टरांनी उपचार केले, रक्त काढून तपासणीला पाठवलं आणि दोन रात्री ठेवून घेतलं.

रिपोर्ट तीन दिवसांनी आला तो माझ्या हातात. तपासणीचं नाव कोलिनेस्टरेज. आकडा ५,९००. शेजारी छापलेली मर्यादा ५,३२० ते १२,९२०. म्हणजे नॉर्मल. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला, डॉक्टरांना दाखवलाही नाही. त्याला सांगितलं, रक्त ठीक आहे, सोमवारी ये. सोमवारी तो आला. मंगळवारी दुपारी पुन्हा बांधावर आडवा झाला.

या खेपेला डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला, पाहिला आणि मला विचारलं, “याचा आधीचा आकडा कुठे आहे?” आधीचा म्हणजे? फवारणी सुरू होण्यापूर्वीचा. तो नव्हता.

आता हे नीट समजून घेऊ. आपल्या नसा स्नायूंना, ग्रंथींना निरोप पाठवतात तो एका रसायनामार्फत. निरोप पोचला की ते रसायन लगेच मोडून टाकावं लागतं. ते मोडणारं जे द्रव्य शरीरात असतं त्या जातीचं नाव कोलिनेस्टरेज. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली औषधं हे द्रव्यच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, उलटी, डोळ्याची बाहुली बारीक होणं, स्नायू थरथरणं आणि शेवटी श्वास अडकणं. किडा मरतो तोही असाच. शिवाय हे विष तोंडावाटेच जातं असं नाही, कातडीतून बरंच जातं. ओला शर्ट म्हणजे पाठीवर बांधलेली विषाची पट्टीच.

हे द्रव्य प्रत्येकाच्या रक्तात मुळात सारखं नसतं. म्हणून तर छापलेली मर्यादा एवढी रुंद असते, आणि प्रयोगशाळेची पद्धत बदलली की तीही बदलते. समजा आमच्या माणसाचा मूळ आकडा ११,००० होता. मग ५,९०० म्हणजे निम्म्याच्या जरा वर. कागद म्हणतो नॉर्मल, आणि अंगातली जवळजवळ निम्मी ताकद गेलेली. आपण उसाचं वजन कसं करतो? भरलेली गाडी काट्यावर चढवतो, मग रिकामी चढवतो. रिकाम्या गाडीचं वजनच केलं नाही तर माल किती भरला हे काटेवाला तरी कसं सांगणार? मी नुसत्या भरल्या गाडीची पावती खिशात घालून निघालो होतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून यासाठी नियम आहे. अशी जहाल औषधं जो मजूर तीस दिवसांत सहाहून अधिक दिवस हाताळतो, त्याचा मूळ आकडा मालकानं आधी घ्यायचा. नंतरच्या तपासणीत तो मूळच्या ८० टक्क्यांवर आला की कामाची पद्धत तपासायची. पंप गळतोय का, हातमोजे आहेत का. तांबड्या पेशींतला आकडा ७० टक्के किंवा रक्तद्रवातला ६० टक्के झाला की त्या माणसाला औषधापासून दूर करायचं आणि दोन्ही आकडे ८० टक्क्यांवर परत येईपर्यंत पंप द्यायचा नाही. तांबड्या पेशींतलं द्रव्य भरून यायला महिने लागू शकतात. मी दिले होते जेमतेम पाच दिवस!

आपल्याकडे नियम नाही असं कुणी समजू नये. १९७१च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय की ही औषधं तयार करणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचं कोलिनेस्टरेज दरमहा मोजावं. वाचून मी थक्क झालो. बाटली भरणाऱ्याचं रक्त महिन्याला तपासायचं, आणि तीच बाटली फोडून, पाण्यात कालवून, दिवसभर तिच्या तुषारांत चालणाऱ्या शेतमजुराचं? माझ्या बांधावर तर आजवर कुणी तपासनीस आला नाही. कामगारांच्या सुरक्षिततेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मालकानं ठरावीक कामगारांची वर्षाला मोफत तपासणी करण्याची तरतूद आहे. पण ती मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी. माझ्याकडे माणसं तीन. शेतकरी अपघातात गेला तर सरकारच्या गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख मिळतात आणि औषध हाताळताना झालेली विषबाधा तिच्यात धरलेली आहे. मात्र त्यासाठी सातबारा आपल्या किंवा घरातल्याच्या नावावर लागतो. ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्या नावावर बहुतेक वेळा काहीच नसतं.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. मोनोक्रोटोफॉसवर पुढे २०२३ साली केंद्र सरकारनं बंदी आणली. मास्क, चष्मे, हातमोजे यांची बरीच चर्चा झाली, आणि ते हवेतच, जरी ऑक्टोबर हीटमध्ये ते घालून दोन तास चालून दाखवणारा अधिकारी मला अजून भेटायचाय. हंगामाआधीच्या रक्ताबद्दल मात्र आमच्या चावडीवर कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. ही तपासणी त्या दोन गटांपुरतीच उपयोगी आहे. पायरेथ्रॉइड किंवा निओनिकोटिनॉइड औषधांनी त्रास झाला तर कोलिनेस्टरेज शाबूत असू शकतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना बाटली किंवा निदान तिचं लेबल बरोबर न्यावं. कागद नॉर्मल असला तरी डोळ्यांपुढे धुकं आहे म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा.

गेल्या आखाजीला, सालदाराचं वर्ष ठरतं तेव्हा, मी आमच्या तिघांना म्हटलं, महिनाभर फवारा मारलेला नाही, आत्ताच रक्त देऊन येऊ. खर्च काही शे रुपयांचा, औषधाच्या एका बाटलीइतकाच. दोघं तयार झाले. तिसरा, तोच आमचा आजारी पडलेला, गप्प बसला. नंतर बैलांना पाणी पाजताना हळूच म्हणाला, “नाना, पुढे आकडा कमी आला तर मला काढाल ना?”

याचा मी विचारच केला नव्हता. तपासणी माझ्या लेखी त्याच्या भल्याची, त्याच्या लेखी मजुरी बुडण्याची चिठ्ठी. मग तो त्रास लपवणार, आणि कुणीही लपवेल. अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यानं २००४ साली असा नियम केला तेव्हा, आकडा घसरल्यामुळे बाजूला केलेल्या मजुराचा पगार तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवायचं मालकावर घातलं, ते बहुधा अशाच कुणाच्या प्रश्नावरून.

तीन महिने बसवून पगार देण्याची माझी ऐपत नाही, हे मी त्याला सरळ सांगितलं. ठरलं ते असं: आकडा घसरला तर त्यानं पंप धरायचा नाही, पाणी भरायचं, पपई उतरवायची, मजुरी तीच. रिपोर्टचा मूळ कागद त्याच्याकडे, माझ्याकडे झेरॉक्स. दुसऱ्या दिवशी तो शहाद्याला आला. त्याचा आकडा निघाला १०,४००. कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डात ठेवलाय. पंपाचा वायसर मी येतानाच घेतला.