सावली मोजा, ऊन घ्या

वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीची नागवेल आणि पानपिंपळी सावलीत वाढतात. आपल्या हाडांना मात्र ऊन लागतं. उन्हातले अतिनील-ब किरण त्वचेवर पडले की शरीर 'ड' जीवनसत्त्व तयार करतं. या जीवनसत्त्वाशिवाय अन्नातलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडं ठिसूळ होतात.

कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे असतात, आणि खिडकीची काच ते अडवते. मग ऊन केव्हा घ्यावं? आपली सावली पाहा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की किरण पुरेसे. वऱ्हाडात मे महिन्यात हे सकाळी नऊ-साडेनऊलाच घडतं. तेव्हाच ऊन घ्या, दुपारी सावलीतच थांबा. हिवाळ्यात मात्र अकरा ते एक ही वेळ चांगली.

आठवड्यातून तीन-चार वेळा, हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसा. सावळ्या त्वचेला थोडा अधिक वेळ लागतो. डोकं झाकून घ्या, पाणी प्या, त्वचा लाल होण्याआधी उठा. घरात बसून राहणाऱ्या आजी-आजोबांनाही अंगणात आणा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या. त्यांचा अतिरेक घातक ठरतो.