साबण कोणी करायचा?

खापरखेड्याच्या माणसाला राखेचे नवल सांगायला नको. वीजकेंद्रातून कोळशाची राख रोज निघते. पण या राखेपासून साबण होत नाही. साबणाला खार लागतो आणि तो मिळतो लाकडाच्या राखेत. ही राख पाण्यात भिजवायची, वरची निवळी काढून घ्यायची आणि तेलात किंवा चरबीत उकळायची. जुन्या काळचा साबण एवढ्यावर होत असे. चूल आणि तेल घरोघरी होते. मग अशा वस्तूचा मक्ता कुणाला देता येतो का?

इंग्लंडमध्ये दिला गेला. खरे म्हणजे 1624 मध्ये तिथल्या संसदेने मक्तेदारीविरुद्ध कायदा केला होता. पण नवे शोध आणि व्यापारी मंडळे यांना त्यात सूट होती. राजा पहिला चार्ल्स तेव्हा संसद न बोलावता कारभार चालवत होता आणि त्याला पैसा हवा होता. 1632 मध्ये त्याने वेस्टमिन्स्टरच्या एका नव्या मंडळाला साबणाची सनद दिली. मंडळाने वर्षाला पाच हजार टन साबण करायचा आणि दर टनामागे राजाला चार पौंड द्यायचे, असा करार झाला. शिवाय इतरांचा साबण तपासण्याचा अधिकारही याच मंडळाला मिळाला. म्हणजे दुकानदारच शेजारच्या दुकानाचा निरीक्षक झाला!

लंडनचे जुने साबणवाले बधले नाहीत, तेव्हा त्यांना तुरुंग दाखवला गेला. नव्या साबणाने हात सोलतात, अशी धुणाऱ्या बायकांची तक्रार होती. मंडळाने उमराव घराण्यांतल्या स्त्रियांची प्रशस्तिपत्रे पुढे केली. ज्यांनी कधी धुणे धुतले नाही, त्यांची साक्ष! शेवटी 1637 मध्ये जुन्या साबणवाल्यांनी मोठी रक्कम भरून मक्ता आपल्याकडे घेतला आणि राजाला टनामागे आठ पौंड कबूल केले. हा बोजा अखेर गिऱ्हाइकावरच पडणार होता. पुढे राजाशी लढणाऱ्या संसदेनेही 1643 मध्ये साबणावर कर बसवला. 1712 मध्ये तो पुन्हा लागू झाला आणि 1853 मध्ये कायमचा गेला.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. 1934 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक होते. गावात जे पिकते त्यावर गावातच काम व्हावे, हा त्यामागचा विचार. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेल आणि साबण हा उद्योग हाती घेतला. निंबोळी, करंज, मोह यांच्या बिया आपल्या भागाला नव्या नाहीत. धुण्याचा साबण सरकारने लघुउद्योगांसाठी राखूनही ठेवला होता. एप्रिल 2015 मध्ये ते आरक्षण संपले.

कुणी म्हणेल, आरक्षण हीसुद्धा मक्तेदारीच. मला फरक दिसतो. चार्ल्सच्या सनदेने दार एकाच मंडळाला उघडले, आरक्षणाने ते कुठल्याही लहान कारखानदाराला उघडे ठेवले. मात्र दोन्हीकडे एक प्रश्न विचारलाच पाहिजे: साबण चांगला आहे का? त्याचे उत्तर सनदेत किंवा सरकारी यादीत सापडत नाही. ते धुणे धुणाऱ्या बाईला विचारावे लागते. आज बचत गटांच्या भगिनी साबण करतात. त्यांना कौतुकाइतकीच या परीक्षेचीही गरज आहे.